ग्रुपवर रिपोर्ट टाकताना पेशंटचं नाव खोडलं की भागतं का?

शाहूपुरी_ओपीडी
अडलेल्या केसचे रिपोर्ट आम्ही जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. लॅबच्या पीडीएफवर मोबाईलच्या मार्करने नाव खोडतो. सीटीची सीडी असेल तर झिप करून तशीच पाठवतो. आणखी काय बघायला हवं?

डायकॉमवाला
मार्करच नको. त्याची शाई बहुधा अर्धपारदर्शक असते, ब्राइटनेस वाढवला की नाव वर येतं. पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढली तर खालचा मजकूर सिलेक्ट होऊन कॉपी होतो. स्क्रीनशॉट काढा आणि नावाचा भाग सरळ कापून टाका. क्यूआर कोडही कापा; बऱ्याच लॅबचा कोड स्कॅन केला की मूळ रिपोर्टच उघडतो. सॅम्पल नंबर आणि फाइलचं नाव हमखास विसरतात.

सीटीचं दुखणं वेगळं. सीटीची चित्रं ज्या प्रकारात साठवतात त्या डायकॉम फाइलच्या आतच, ठरावीक नंबरांच्या रकान्यांत म्हणजे टॅगमध्ये, नाव (0010,0010), पेशंट आयडी (0010,0020), जन्मतारीख (0010,0030) आणि हॉस्पिटल (0008,0080) असतं. फाइलचं नाव बदलून यातलं काहीच जात नाही. सीडीवरच्या डायकॉमडिर या अनुक्रमणिकेच्या फाइलमध्ये नाव पुन्हा असतं, ते वेगळंच. व्ह्यूअरमधून (चित्रं बघायच्या सॉफ्टवेअरमधून) एक्सपोर्ट करताना ॲनॉनिमाइझ (ओळख काढणं) निवडा, मग ती फाइल उघडून टॅग वाचून बघा. सोनोग्राफीत नाव चित्रातच उमटलेलं असतं, तिथे टॅग पुसून उपयोग नाही. डोक्याच्या सीटीचे पातळ स्लाइस दिले तर थ्रीडीत चेहरा उभा राहतो. खरं तर मत विचारायला नेमक्या चार-पाच चित्रांचे जेपीजी पुरतात, अख्खी सीडी कशाला?

राजारामपुरी_फिजिशियन
वरचं सगळं केलं आणि खाली 'आजरा तालुक्यातल्या अमक्या गावचे माजी सरपंच, वय 58' असं लिहिलं, तर ओळखायला कितीसा वेळ लागतोय! 'पन्नाशीतले पुरुष' बास. तारखेऐवजी 'दाखल झाल्याचा 3रा दिवस' लिहा.

एचआयव्हीच्या केसला जास्त जपा. 2017 च्या कायद्याने लेखी संमतीशिवाय माहिती उघड करता येत नाही. उपचारात सहभागी डॉक्टरला गरजेपुरती सांगायची सवलत आहे, पण अख्खा ग्रुप त्यात बसत नाही.

उलट, एकाच तज्ज्ञाकडे रेफर करताना नाव काढू नका. तिथे रिपोर्टांची अदलाबदल जास्त घातक.

शाहूपुरी_ओपीडी
आभारी आहे सर. आधी टाकलेल्या रिपोर्टांचं काय करायचं?

डायकॉमवाला
सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत साधारण दोन दिवसांची. त्यानंतर तुमच्याच फोनवरून जातं. मुदतीत केलं तरी कुणाच्या गॅलरीतून गूगल फोटोजवर चढलेली प्रत राहतेच. निदान ग्रुपमधल्या सगळ्यांना मीडिया व्हिजिबिलिटी (आलेले फोटो गॅलरीत दिसायची सेटिंग) बंद करायला सांगा. ती फक्त पुढच्या फोटोंना लागू होते, जुने हातानेच पुसायचे.