ठाणे खाडीचा गाळ सिंक्रोट्रॉनवर: शिसं आणि आर्सेनिक वेगळं कसं काढायचं?

खाडीकाठ, ऐरोली
ऐरोली-कोपरीच्या गाळाचे 24 नमुने आहेत. क्रोमियम, तांबं, जस्त, आर्सेनिक, शिसं, जमल्यास कॅडमियम मोजायचंय. इंदूरच्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणारं यंत्र) बीएल-16 या किरणरेषेसाठी प्रस्ताव टाकतोय; तिथे क्ष-किरण पडले की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडतं, त्यावरून ते मोजतात. ऊर्जा किती मागू? मोजणीसाठी गाळ दाबून गोळ्या कशा करू?

वर्णपट
कॅडमियम यादीतून काढाच. त्याची के-कड (जी ओलांडल्याशिवाय के-रेषा उमटत नाहीत ती ऊर्जा) 26.7 केईव्हीला (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट; पुढचे ऊर्जेचे आकडेही यातच), बीएल-16 जाते 4 ते 20. त्याने सोडलेली कमी ऊर्जेची एल-रेषा 3.13 ला येते, पण तिला एकीकडून हवेतला आरगॉन (2.96) आणि दुसरीकडून पोटॅशियम (3.31) दाबतात. ते आयसीपी-एमएसवर (प्लाझ्मात आयन करून वस्तुमानावरून मोजणारं यंत्र) करा.

शिशाची एल-अल्फा 10.55, आर्सेनिकची के-अल्फा 10.54. दोन्ही शिखरं एकावर एक पडतात. फिटिंगने (वर्णपटावर गणिती वक्र बसवून) सोडवत बसू नका, किरणाच्या दोन ऊर्जा मागा. 12.5 वर आर्सेनिकची कड (11.87) ओलांडली जाते, शिशाची (13.04) नाही. म्हणजे 10.54 चं शिखर निव्वळ आर्सेनिकचं. खारट गाळातलं ब्रोमीनही (कड 13.47) तिथे गप्प. मग 17 वर शिसं, एल-बीटावरून (12.6).

खलबत्ता
17 वर एक खोच आहे. आपला गाळ बसाल्टचा, लोखंड रग्गड. मोजणीचा वेग वाढला की लोखंडाचे दोन फोटॉन एक म्हणून मोजले जातात: 6.4 + 6.4 = 12.8, थेट शिशाच्या एल-बीटाला खेटून. डेड टाइम (डिटेक्टर आधीच्या फोटॉनमध्ये गुंतल्याने नवा मोजत नाही तो वेळ) 10 टक्क्यांच्या आत ठेवा. डिटेक्टर मागे घ्या, नाहीतर समोर ॲल्युमिनियमची पातळ फॉइल लावा. ती 6.4 जास्त अडवते, 12.6 कमी. पण क्रोमियमही (5.41) मारते, तेव्हा ते फॉइल काढून मोजा.

गोळ्या: 45 अंशांवर वाळवा, अगेटच्या खलात कुटा (स्टीलमधून क्रोमियम-निकेल उतरतं), 63 मायक्रॉनच्या नायलॉन चाळणीतून काढा. 150 मिग्रॅ गाळ, 50 मिग्रॅ सेल्युलोज, 13 मिमी डाय, 5 टन, 2 मिनिटं. दाब सावकाश सोडा, नाहीतर वरचा पापुद्रा सुटतो. आणि डाय कुणी आयआरच्या (इन्फ्रारेड मोजणीच्या) केबीआरला, म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइडला, वापरलाय का ते विचारा, नाहीतर गाळात नसलेलं ब्रोमीन सापडेल!

खाडीकाठ
किरण काही मायक्रॉनचा असेल तर एका ठिपक्यावरून अख्खी गोळी कशी धरायची?

वर्णपट
धरायचीच नाही. इल्मेनाइटच्या (लोखंड-टायटॅनियमचं खनिज) एका कणावर किरण पडला की टायटॅनियम उसळतं. फोकस न केलेला किरण हवा, असं प्रस्तावातच लिहा. प्रत्येक बाजूला 3 ठिकाणी मोजा. एनआयएसटी 1646ए (प्रमाणं आधीच ठाऊक असलेला खाडीच्या गाळाचा संदर्भ नमुना) ची त्याच वजनाची, त्याच डायमधली गोळी दोन्ही ऊर्जांवर लावा. फिटिंगला पायएमसीए हे सॉफ्टवेअर.

खलबत्ता
फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीतून आणखी नमुने उचलणार असाल, तर आधी वनविभागाची परवानगी काढा.