सोनं 20 टक्के वाढलं तर खाण कंपनीचा नफा किती वाढतो?

कसबा_पेठ: लक्ष्मी रोडवरचे सोन्याचे भाव आता झेपत नाहीत, म्हणून खाण कंपन्यांचे शेअर बघतोय. भाव 20 टक्के चढला तर नफाही तेवढाच चढतो ना? आणि चांदीसाठी हिंदुस्तान झिंक घ्यावा का?

कोथरूड_ताळेबंद: नफा जास्त हलतो. समजा औंसाला भाव 2000 डॉलर आणि खर्च 1500, म्हणजे हातात 500. भाव 2400 झाला की 900 उरायला हवेत, पण रॉयल्टी बहुतेक ठिकाणी भावाच्या टक्केवारीत असते, ती आपोआप चढते. डिझेल, मजुरीही मागोमाग येतात. खर्च 1600 धरा, उरले 800. तरीही 60 टक्के वाढ झाली. आता उलटं बघा: भाव 2000 चा 1800 झाला की 500 चे 300 उरतात. 10 टक्के घसरणीत 40 टक्के नफा गेला!

खर्चासाठी तिमाही निकालात ‘एआयएससी’ (ऑल-इन सस्टेनिंग कॉस्ट, म्हणजे खाण चालू ठेवायला औंसामागे येणारा एकूण खर्च) हा आकडा शोधा. कर, व्याज आणि नव्या खाणीचा खर्च त्यात नसतो, तो वेगळा वजा करा.

खनिज_अभियंता: ग्रेड, म्हणजे टनभर दगडात किती सोनं आहे ते, विसरू नका. भाव चढला की हलक्या प्रतीचा दगडही परवडायला लागतो. गिरणी मात्र दिवसाला 10,000 टनच दळणार. टनाला 2 ग्रॅम सोनं आणि त्यातलं 90 टक्के हाती लागलं तर 18 किलो. तीच गिरणी 1.6 ग्रॅमचा दगड दळू लागली की 14.4 किलो. फोडण्या-दळण्याचा, सोनं विरघळवून काढणाऱ्या सायनाइडचा खर्च जवळपास तोच, म्हणजे ग्रॅममागे 25 टक्के जास्त. तेजीत उत्पादन घटलेलं दिसतं ते अनेकदा यामुळे. हा गलथानपणा नव्हे, खाणीचं आयुष्य त्याने वाढतं. पण ज्याने उत्पादन वाढेल असं धरून शेअर घेतला, तो फसतो.

कोथरूड_ताळेबंद: हिंदुस्तान झिंकची चांदी राजस्थानातल्या जस्त-शिशाच्या खनिजातून जोडीने निघते. चांदी कितीही महागली तरी जस्त-शिशाचं खनिज जेवढं निघेल तेवढीच चांदी मिळणार. जस्त पडलं तर शेअरला त्याचाही मार बसतो. निव्वळ चांदी हवी असेल तर सिल्व्हर ईटीएफ (चांदीच्या भावामागे चालणारा, शेअरसारखा घेता येणारा फंड) सरळ पडेल.

कसबा_पेठ: कंपनीने पुढच्या विक्रीचा भाव आधीच बांधून ठेवलेला असेल तर?

कोथरूड_ताळेबंद: मग तेजी कंपनीच्या हाती लागतच नाही. बॅरिक या कॅनडातल्या सोन्याच्या खाण कंपनीने 2009 मध्ये असे जुने करार मोडायला 5 अब्ज डॉलरहून जास्त मोजले. वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये ‘हेजिंग’ आणि ‘डेरिव्हेटिव्ह’ हे शब्द शोधा. किती औंस, कोणत्या भावाला आणि कोणत्या वर्षापर्यंत बांधलेत, हे तिथे लिहिलेलं असतं.