दूर मोहिमेवर असलेल्या मैत्रिणीला दुसरीच्या आजारपणाची बातमी आत्ता कळवावी का?

प्रश्न

सिएरा लिओनमध्ये २०१४ साली इबोलाची साथ भरात असताना आम्ही चौघी परिचारिका कैलाहूनच्या उपचार केंद्रात एकत्र होतो : मी मिरजेची, एक केनियाची, एक फिलिपाइन्सची आणि एक तिथलीच. संरक्षक पोशाखात कोण कोण आहे हे ओळखू येत नसे, म्हणून एकमेकींच्या एप्रनवर मार्करने नाव आणि आत शिरल्याची वेळ लिहीत असू. बाहेर पडताना क्लोरीनच्या फवाऱ्याखाली हातमोजे, गॉगल, एप्रन ठरल्या क्रमानेच उतरतात की नाही, हे जोडीदारीण डोळ्यांत तेल घालून पाहत असे. हस्तांदोलनही वर्ज्य असलेल्या त्या काळात जडलेली मैत्री आजवर टिकली आहे. लग्ने, बाळंतपणे, आईवडिलांची दुखणी, सगळे आम्ही एकमेकींना कळवत आलो.

आता फिलिपिनो मैत्रिणीला स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले असून पुढच्या आठवड्यात केमो सुरू होईल. केनियन मैत्रीण सध्या दक्षिण सुदानमध्ये बेंतिऊला आहे आणि तिची मुदत संपायला अजून दीड महिना आहे. तिथला ताण ठाऊक असल्याने सांगायला मन धजत नाही. पण तिच्याशी इकडच्या तिकडच्या गप्पा मारत राहणे ही आता मला फसवणूक वाटू लागली आहे.

पहिला प्रतिसाद

ताई, जरूर सांगा, पण कधी ऐकायचे ते तिला ठरवू द्या. २०१७ च्या अखेरीस मी बांगलादेशात, कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावण्यांत घटसर्पाच्या साथीत काम करत होते. घटसर्पावरचे प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून तयार करतात, त्यामुळे त्याची तीव्र ॲलर्जी उठण्याची भीती असते, आणि सलाईनमधून ते जात असताना परिचारिकेने मुलाच्या उशापासून हलायचे नसते. अशा वेळी खिशातल्या फोनवर ही बातमी येऊन थडकता कामा नये. म्हणून आधी एवढेच लिहा की एक जड बातमी आहे, ड्युटी नसेल तेव्हा फोन कर.

लपवू मात्र नका. माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हा "तिचे काम आटोपू दे" म्हणून घरच्यांनी मला कळवलेच नाही. हेतू चांगला होता, तरी परतल्यावर मला दुःखाइतकाच परकेपणा जाणवला.

दुसरा प्रतिसाद

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु "जड बातमी आहे" एवढाच निरोप गेला आणि नेटवर्क गेले, तर ती बाई स्वतःच्या मुलाबाळांविषयी नाही नाही ते मनात आणत रात्र काढील. म्हणून पहिल्याच ओळीत स्पष्ट लिहा की तिच्या घरचे सर्व जण सुखरूप आहेत.

बातमी ऐकल्यानंतर तिच्याजवळ कोण असेल, याचाही विचार करावा. अशा ठिकाणी संध्याकाळनंतर आवाराबाहेर पडता येत नाही आणि मोकळेपणाने रडायलाही आडोसा नसतो. तिच्या सोबतची एखादी विश्वासू सहकारी तुमच्या ओळखीची असेल, तर तिला लक्ष ठेवायला सांगता येईल. पण आजाराचे नाव रुग्ण मैत्रिणीच्या परवानगीशिवाय कोणालाही सांगू नये. केनियन मैत्रिणीची मधली विश्रांतीची रजा जवळ आली असेल, तर तेवढे दिवस थांबण्यात मला वावगे वाटत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघींचेही मनापासून आभार. रजा नुकतीच होऊन गेली आहे, त्यामुळे थांबण्यात अर्थ नाही. काल फिलिपिनो मैत्रिणीशी सविस्तर बोलले. आपली बातमी आपणच आपल्या आवाजात सांगावी, अशी तिची इच्छा आहे. बेंतिऊला व्हिडिओ नीट पोहोचत नाही, म्हणून ती छोटा ध्वनिसंदेश पाठवणार आहे. घरचे सुखरूप असल्याची ओळ मी आधी लिहीन आणि केनियन मैत्रिणीने वेळ कळवली की मगच संदेश जाईल. सिएरा लिओनच्या मैत्रिणीलाही त्याच दिवशी सांगू, म्हणजे एकीला आधी आणि दुसरीला मागाहून कळले असे व्हायला नको.