अंदमान: पाच मैत्रिणी, सहा रात्री आणि एकीला बोट लागते (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच जणी, कॉलेजपासूनच्या, आता पन्नाशीतल्या. तिघी ठाण्यात, एक ऐरोलीला, एक नेरूळला. तीन वर्षं भिशीतले थोडे थोडे बाजूला टाकलेत आणि येत्या जानेवारीत, नवरे-मुलं घरी ठेवून, जायचंच असं ठरलंय.

आधी लक्षद्वीप डोक्यात होतं. नौपाड्यातला एक एजंट म्हणाला, "परमिट-बिरमिट होऊन जातं हो ताई." ॲडव्हान्स घेतला, दीड महिना फोनवर खेळवलं आणि दोन हजार कापून पैसे परत दिले. तो विषय संपला. आता अंदमान.

दुसऱ्या एजंटाने दिलेला कार्यक्रम असा: पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) दोन रात्री, त्यातच सेल्युलर जेल आणि बाराटांग (चुनखडीच्या गुहांचं बेट), मग हॅवलॉक बेटावर दोन, नील बेटावर एक, परत पोर्ट ब्लेअर एक आणि सकाळचं विमान.

अडचण नेरूळवालीची. तिला बोट लागते, आणि साधीसुधी नाही. मागे अलिबागला निघालो होतो. गेटवे नजरेआड व्हायच्या आत तिने थेपल्यांचा डबा आमच्या मांडीवर उलटा केला आणि तोच तोंडापाशी धरला. मांडवा येईपर्यंत डबा सोडला नाही. इथे तर तीन वेळा फेरी. खाजगी बोट घ्यावी की सरकारी?

दुसरं, ऐरोलीवालीला स्कूबा करायचंच आहे. पोहता येत नाही, बीपीची गोळी चालू. जमेल का?

आणि बाराटांग खरंच इतकं भारी आहे का?

---

खारेवारे: बाराटांग काढून टाका, सहा रात्रींत परवडत नाही. मध्यरात्री उठून शंभरेक किलोमीटर, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्याने जायचं, तिथे थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, आणि तसंच परत. पन्नाशीच्या कमरांचा विचार करा.

तो वाचलेला दिवस हॅवलॉकला द्या. तिथल्या राधानगर किनाऱ्यावर चारपर्यंत पोचा. घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला की जानेवारीत साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. ठाण्याच्या सवयीने सहाला गेलात तर अंधार बघाल.

डेकवरची: बोट लागणाऱ्यांनी सरकारी फेरी घ्यावी, असं माझं मत. वेळ जास्त लागतो, पण डेकवर उभं राहता येतं. वारा तोंडावर आणि नजर क्षितिजावर. खाजगी कॅटामरान बोटी वेगवान खऱ्या, पण बहुतेकींत एसीत बंद बसावं लागतं, तिथे एकीला लागलं की रांगच लागते. गोळी बोटीत बसल्यावर नाही, आधी तासभर घ्यायची, तीही डॉक्टरांना विचारून. आणि रिकाम्या पोटी निघू नका, कोरडं काहीतरी खा.

स्कूबाला पोहता यावं लागत नाही, इन्स्ट्रक्टर धरूनच नेतो. पण आधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात, त्यात बीपी लपवू नका. इथूनच डॉक्टरांची चिठ्ठी न्या. डाइव्ह आणि विमान यांत किमान अठरा तास हवेत. हॅवलॉकला उरकलंत तर तो प्रश्नच येत नाही.

खारेवारे: शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवलीय ते उत्तम. समुद्र बिघडला तर फेऱ्या रद्द होतात. सेल्युलर जेल मात्र पहिल्याच दिवशी करा. सात इमारतींपैकी तीनच उरल्यात, तरी निवांत अर्धा दिवस द्या. सावरकरांची कोठडी अगदी वरच्या मजल्यावर, टोकाला आहे. कुणाचे गुडघे दुखत असतील तर तिला पायऱ्यांची कल्पना देऊन ठेवा.

---

(धागाकर्ती) खूप आभार! बाराटांग कटाप. एजंटाचं तोंड उतरलं, पण उतरू दे. नेरूळवालीला सरकारी फेरीचं सांगितलं, तर म्हणते, "डेकवर येते, पण डबाही आणते."

आता एकच. नीलचा तो नैसर्गिक दगडी पूल म्हणे ओहोटीलाच नीट बघता येतो. आम्ही तिथे एकच रात्र. नेमकी भरती दुपारी आली तर पहाटे जाता येतं का? रिक्षा मिळते का तेव्हा?