मदत हवी आहे: क्लेमॅटिसने अचानक मान टाकली, काय फवारू?

गॅलरीतली_बाग
पटकन उत्तर हवंय. डोंगरातल्या एका नर्सरीतून ऑनलाइन क्लेमॅटिसची वेल मागवली होती. मस्त चढत होती, कळ्याही धरल्या होत्या. परवा सकाळी ऑफिसला निघाले तेव्हा ठणठणीत, रात्री येऊन बघते तर एक अख्खी फांदी लोंबलेली. आज दुसरी. पाणी रोज घालते, खतही दिलंय, कीड दिसत नाही. काय फवारू एवढंच सांगा. इंग्लंडमधले व्हिडिओ पाठवू नका, सगळे बघून झालेत. पाडव्याला घरी माणसं येणार आहेत, तोवर फुललेली हवी आहे.

चिखल्या
फवारायचं नंतर बघू. जात कुठली? कुंडी केवढी? ऊन सकाळचं की दुपारचं? "खतही दिलंय" म्हणजे काय दिलंय आणि किती? राहता कुठे? बुंध्याजवळचा फोटो टाका.

नाना_वर्तकनगर
ताई, आंबट ताक. चांगलं आठ दिवसांचं. एक वाटी ताकाला दहा वाट्या पाणी, गाळून फवारायचं. मी गुलाब, मोगरा, कढीपत्ता सगळ्यांना तेच देतो. बाजारातलं औषध आणू नका, पैसे फुकट जातात.

चिखल्या
नाना, प्रत्येक धाग्यावर ताकच? आधी झालंय काय ते तरी कळू दे.

नाना_वर्तकनगर
माझा कढीपत्ता बघून जा एकदा, मग बोला.

गॅलरीतली_बाग
जात जांभळी. राहते ठाण्यात. कुंडी मोठी आहे. ऊन भरपूर येतं. फोटो रात्री टाकते, आत्ता ऑफिसात आहे. आता सांगा.

चिखल्या
ठाण्यात म्हणजे नौपाड्यातल्या बैठ्या घराच्या अंगणात की घोडबंदरला विसाव्या मजल्यावर? फरक पडतो हो.

पानं_मोजणारा
"जांभळी" ही जात नाही. आणि मुळात ती क्लेमॅटिसच आहे का ते आधी बघा. ऑनलाइन क्लेमॅटिस म्हणून काहीही येतं. कृष्णकमळ येतं, थनबर्जिया येते, एकाला तर निळ्या फुलांची जॅकमॉन्शिया आली होती आणि तो वर्षभर क्लेमॅटिस म्हणून कौतुक करत बसला होता. ओळखायची सोपी खूण: पानं समोरासमोर जोडीने हवीत. स्प्रिंगसारखे वेगळे ताणे नसतात. पानाचा देठच तारेला किंवा सुतळीला विळखा घालतो आणि वेल त्याच्या जोरावर चढते. म्हणून जाड बांबू दिला तर बिचारीला धरताच येत नाही, बारीक तार लागते. कृष्णकमळाला ताणे असतात आणि पानं एकाआड एक.

गॅलरीतली_बाग
पानं जोडीनेच आहेत आणि देठ ग्रिलच्या जाळीला गुंडाळलेत. पिशवीवरच्या चिठ्ठीवर जॅकमनी लिहिलेलं होतं. क्लेमॅटिसच आहे, मी काही अगदीच अडाणी नाही. चौदावा मजला, घोडबंदर रोड, पश्चिमेची गॅलरी. काय फवारू?

पानं_मोजणारा
जॅकमनी हे आधी सांगितलं असतं तर अर्धा धागा वाचला असता. हा इंग्लंडातल्या सरे परगण्यातल्या वोकिंगच्या जॅकमन नर्सरीत 1858 मध्ये केलेला संकर. मोठ्या फुलांच्या क्लेमॅटिसांमधला सगळ्यात नावाजलेला. ती छाटणीच्या तिसऱ्या गटातली, म्हणजे त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांदीवर फुलते. तिकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीपासून फूटभर ठेवून सरसकट कापतात आणि फुलं जून-जुलैपासून सप्टेंबरपर्यंत येतात. वसंतात फुलते ती मोंटाना, आपल्या हिमालयातली, आणि ती जुन्या फांदीवर फुलते. तिला हिवाळ्यात कापलं की त्या वर्षीची फुलं गेली. तुमच्या कळ्या आल्या त्या इथल्या उबेमुळे लवकर आल्या असणार. पाडव्याचा मुहूर्त तिला ठाऊक नाही.

येऊर_वाटाड्या
मला मुळात हा हट्टच कळत नाही. मोठ्या फुलांच्या या जाती थंड देशातल्या. हिवाळ्यात त्यांना झोपायला गारठा लागतो. आपल्याकडे जानेवारीतल्या चार-दोन रात्री सोडल्या तर पारा पंधराच्या खाली येत नाही, आणि मार्चमध्ये छत्तीस-सदतीस. त्यात पश्चिमेची गॅलरी! बरं, आपल्या सह्याद्रीत आपली स्वतःची क्लेमॅटिस आहे की. रानजाई म्हणा, मोरवेल म्हणा. पाऊस सरत आला की कुंपणांवर, झुडपांवर पांढऱ्या फुलांचे घोस चढतात आणि मंद वास सुटतो. नंतर बियांना पांढरी पिसासारखी शेपटी फुटते, कोवळ्या उन्हात ती चमकताना बघा एकदा. तिला ना गारठा लागतो ना ऑनलाइन कुरिअर.

गॅलरीतली_बाग
मला जांभळी हवी आहे.

नेरुळची_मावशी
वाटाड्या, तुमचं अर्धं बरोबर. अर्धं नाही. मी नेरुळला तळमजल्यावर लावलेली आहे, पूर्वेला. दिवाळीनंतर मागवते, जानेवारी-फेब्रुवारीत फुलते. चार-पाच फुलं येतात, इंग्लंडच्या फोटोतल्यासारखी भिंत भरत नाही. पण एकेक फूल तळहाताएवढं आणि रंग असा की येणारा-जाणारा कुंपणाशी थांबतो. मेमध्ये ती जाते. जाऊ दे. शेवंती नाही का आपण एका हंगामापुरती आणत? तशीच आणायची. तेवढं तिचं डोकं उन्हात आणि पाय सावलीत ठेवायला लागतात. मी कुंडीभोवती नारळाच्या शेंड्या रचते आणि पुढ्यात नेच्याची कुंडी ठेवते.

येऊर_वाटाड्या
कुरिअरचे पैसे धरून दर वर्षी चार फुलांना किती पडतात हो मावशी?

नेरुळची_मावशी
तुमच्या ट्रेकिंगच्या बुटांपेक्षा कमी.

चिखल्या
मावशी 1, वाटाड्या 0. मूळ प्रश्नाकडे येऊ या का? ताई, खत कुठलं ते अजून कळलेलं नाही.

गॅलरीतली_बाग
शेजारच्या काकांनी पांढरे दाणे दिले होते. मूठभर घातले. पण ते गेल्या महिन्यात, त्याचा आता काय संबंध?

चिखल्या
पांढरे दाणे म्हणजे युरिया. मूठभर!! कुंडीला चिमूटभर म्हणजे सुद्धा जास्त. पण खताने जळली असती तर आधी पानांच्या कडा करपल्या असत्या, तपकिरी झाल्या असत्या. कडा कशा आहेत?

गॅलरीतली_बाग
कडा हिरव्याच आहेत. पान नुसतं लुळं पडलंय. फांदी मधूनच काळी दिसतेय.

पानं_मोजणारा
मग हा क्लेमॅटिस विल्ट. बुरशीचा रोग आहे, मोठ्या फुलांच्या संकरांना हमखास होतो. पेरापाशी फांदी काळी पडते आणि त्याच्या वरचं सगळं एका दिवसात लोंबतं, बहुतेक वेळा कळ्या धरल्यावरच. मुळं जिवंत असतात, त्यामुळे काळ्या भागाच्या खाली हिरव्या लाकडापर्यंत कापलं की खालून परत फुटते. म्हणूनच लावताना बुंधा दोन-तीन इंच मातीखाली गाडायला सांगतात. 'साफ' नावाची बुरशीनाशक पावडर लिटरला 2 ग्रॅम घालून बुंध्याशी द्या. कापलेलं कंपोस्टमध्ये टाकू नका, कात्री स्पिरिटने पुसा.

चिखल्या
विल्टच कशावरून? पश्चिमेची गॅलरी, दुपारचं ऊन, त्यात मुळं उकडली तरी अशीच मान टाकते. ताई, कुंडी मातीची की प्लास्टिकची? संध्याकाळी पानं परत उभी राहतात का?

गॅलरीतली_बाग
ग्रो बॅग आहे, काळी. नाही, उभी नाही राहत. कुंडी म्हटलं म्हणजे तेच ना.

चिखल्या
काळी ग्रो बॅग, पश्चिमेला, चौदाव्या मजल्यावर. दुपारी चारला तिच्या बाजूवर हात ठेवून बघा, टेकवत नाही.

ऐरोलीकर
इथेच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. माझ्या गोकर्णाला नुसती पानं येतात, फुलं नाहीत. काय करू?

कंटाळलेला_सेक्रेटरी
बागकामातलं मला कळत नाही, पण ग्रिलमध्ये कुंड्या ठेवणाऱ्यांनी खालच्यांचा जरा विचार करा. आमच्या सोसायटीत बाराव्या मजल्यावरून पाणी ठिबकून अकराव्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचे डाग पडतात. दर मीटिंगला तोच विषय. लिफ्टचा मेंटेनन्स राहिला बाजूला, गच्चीची गळती राहिली बाजूला, मिनिट्समध्ये पानभर कुंड्या!

नाना_वर्तकनगर
सेक्रेटरी, आमच्या सोसायटीतही हेच. मी ताटल्या ठेवल्या, तर त्यात डास झाले म्हणून पालिकेचा माणूस येऊन बोलून गेला. इकडे आड, तिकडे विहीर.

गॅलरीतली_बाग
म्हणूनच तर मी बॅगच्या तळाची भोकं एमसीलने बुजवून टाकली. आमच्या खालच्यांची पण तक्रार होती. तेव्हापासून एक थेंब गळत नाही. हे बाकीच्यांनीही करायला हरकत नाही. असो, साफ पावडर कुठे मिळेल? घोडबंदरला कुणी ठेवतं का?

चिखल्या
काय बुजवलीत???

पानं_मोजणारा
ताई, भोकं कधी बुजवलीत?

गॅलरीतली_बाग
झाले असतील पंधराएक दिवस. त्याचा फवारणीशी काय संबंध?

चिखल्या
पंधरा दिवस रोज पाणी, बाहेर जायला वाट नाही. मुळं बुडाली हो. पाण्यात बसलेल्या मुळाला हवा मिळत नाही, ते कुजतं आणि वर पाणी पाठवायचं बंद होतं. पान लुळं पडतं ते तहानेने, पायाखाली पाणी असून. विल्ट-बिल्ट काही नाही. घरी गेल्यावर बॅगमध्ये बोट नाही, लाकडी पट्टी तळापर्यंत घाला आणि काय लागतं ते सांगा.

पानं_मोजणारा
फांदी पेरापाशी काळी आहे म्हणताहेत त्या. दोन्ही असू शकतं. कमकुवत वेलीवर बुरशी बसतेच.

चिखल्या
तुमचा विल्टवर फार जीव आहे.

पानं_मोजणारा
आणि तुमचा निचऱ्यावर. मूळ उपटून बघितल्याशिवाय दोघांनीही पैज लावू नये. पांढरी टणक मुळं निघाली तर मी, तपकिरी, बुळबुळीत निघाली तर तुम्ही.

गॅलरीतली_बाग
घरी आले. पट्टी घातली. वरची दोन इंच माती कोरडी, खाली चिखल. वास मारतोय. बॅग फाडली. बरीच मुळं तपकिरी आहेत, ओढली की साल हातात येतं. मधली काही पांढरट आहेत, जाडसर, तुटत नाहीत. बुंध्याजवळची दोन पेरं नखाने खरवडली तर आत हिरवी आहेत. त्याच्या वर काळं.

चिखल्या
वा, मग आशा आहे. आता हे करा: बुळबुळीत मुळं कात्रीने काढा, पांढरट ठेवा. मातीची कुंडी घ्या, निदान बारा-चौदा इंच खोल, तळाला भोक उघडं. लाल माती, विटांचा भुगा, थोडं कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. युरियाला हात लावायचा नाही. हिरवी पेरं तेवढी ठेवून वरचं सगळं कापा. पूर्वेची खिडकी असेल तर तिथे न्या, नसेल तर गॅलरीतच वॉशिंग मशीनच्या आडोशाला. आणि खाली ताटली ठेवून गळलेलं पाणी रोज ओतून टाका, खालच्यांचीही तक्रार नाही आणि डासही नाहीत.

पानं_मोजणारा
आणि दोन पेरं मातीखाली जातील इतकी खोल लावा. साफचं पाणी एकदा द्याच, कुजव्यालाही चालतं.

येऊर_वाटाड्या
हातमोजे घाला. या कुळातल्या वेलींचा रस कातडीला झोंबतो, काहींच्या हाताला फोडही येतात. आमच्या मोरवेलीचंही तसंच.

ऐरोलीकर
वाटाड्या, ती मोरवेल येऊरला मिळेल का? रविवारी तिकडे येतोय, एखादं रोप उपटून आणलं तर?

येऊर_वाटाड्या
अजिबात नाही. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात मोडतं, 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली तिथलं पानही उपटता येत नाही. देशी झाडांची रोपं करणाऱ्या नर्सऱ्या आहेत, त्यांच्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला विचारा.

गॅलरीतली_बाग
ते सगळं ठीक. पण पाडव्याला काय? ग्रिल रिकामं दिसणार. माणसांना सांगून ठेवलंय मी.

नेरुळची_मावशी
ताई, या दिवसांत जांभळंच हवं असेल तर पेट्रिया बघा. आत्ता तिचा बहर आहे, नर्सरीत फुललेलीच मिळेल, आणि पश्चिमेचं ऊन तिला पचतं. नाहीतर लसूणवेल. माझ्याकडे ती दारावर आहे, छाटणीच्या फांद्या निघाल्यात. पान चुरगळलं की लसणाचा वास येतो, फुलाला येत नाही, घाबरू नका. क्लेमॅटिस पुन्हा दिवाळीनंतर मागवा.

गॅलरीतली_बाग
पेट्रिया फोटोत बघितली. बारीक फुलं आहेत. मला क्लेमॅटिसच हवी होती. पण बरी आहे.

ऐरोलीकर
मावशी, त्या फांद्या मला चालतील. शनिवारी नेरुळ स्टेशनला भेटू का? आणि माझ्या गोकर्णाचं कुणी सांगितलंच नाही.

नेरुळची_मावशी
पूर्वेला, तिकीट खिडकीपाशी, अकराच्या आत. येताना ओलं फडकं आणा. गोकर्णाला ऊन कमी पडतंय आणि खत जास्त होतंय, शेणखत बंद करा.

नाना_वर्तकनगर
ताक चालू ठेवा.

गॅलरीतली_बाग
माझ्या धाग्यावर फांद्यांची वाटणी चालली आहे, माझ्याकडे कुणी बघेल का? कुंडी भरली, दोन पेरं ठेवून बाकी कापलं, खिडकीत ठेवली. आता रोजचं पाणी घालू ना?

चिखल्या
नको! आज लावताना घातलं तेवढं पुरे. परवा बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तरच. आणि भोक उघडं आहे ना ते एकदा खाली वाकून बघा.