मदत हवी आहे: खोगिराचा पुढचा फुगीर भाग कातड्याने मढवताना सुरकुत्या कशा घालवाव्यात?

नमस्कार मंडळी,

मी टेक्सासमध्ये राहतो आणि सध्या वेस्टर्न पद्धतीचं खोगीर हाताने बनवतो आहे. इथे कातडीकाम करणारे, वाद्यं मढवणारे बरेच जाणकार आहेत, म्हणून विचारतो.

सांगाडा लाकडी, त्यावर कच्चं कातडं शिवलेलं. पुढे फोर्क, म्हणजे खोगिराचा पुढचा उंच भाग, आणि त्याच्यावर दोर गुंडाळायचा खुंटा, म्हणजे हॉर्न. जुन्या धाटणीचा सरळ उतरता फोर्क असता तर प्रश्नच नव्हता, पण माझा दोन्ही बाजूंना फुगीर आहे, रुंदी साधारण १४ इंच. फुगवट्याखाली सांगाडा एकदम आत वळतो. म्हणजे एकाच तुकड्याला वर बाहेर फुगायचं आहे आणि लगेच खाली आत दबायचं आहे. जास्तीचं कातडं नेमकं तिथे गोळा होतं.

कातडं हर्मन ओक या कंपनीचं, झाडाच्या सालीने कमावलेलं, १३ ते १५ औंस, म्हणजे सव्वापाच ते सहा मिलिमीटर जाड. क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं घेतलं नाही, कारण ते ओलं करून दिलेला आकार सुकल्यावर तसा धरून ठेवत नाही. गलेटच्या (फोर्कखालच्या कमानीच्या) आतली पातळ पट्टी लावून झाली आहे. कापण्याआधी फेल्टचा (जाड लोकरी कापडाचा) नमुना बसवून पाहिला, तर हॉर्नपासून फुगवट्याच्या टोकाकडे दोन्हीकडे एकेक घडी उरते.

इथले बरेच कारागीर त्या घडीच्या जागी त्रिकोणी काप घेतात आणि शिवणीत कातड्याची बारीक पट्टी घालतात. ती मजबूत असते, दिसतेही छान. तरी मला जमल्यास अखंड कातडं हवं आहे. एवढ्या फुगवट्यावर ते शक्य आहे का? तुकडा पुठ्ठ्यातून, म्हणजे जनावराच्या मागच्या भागातून, घ्यावा की खांद्यातून? खांदा जास्त ताणतो, पण तो पुढे सैल पडेल अशी भीती वाटते. दोर हॉर्नला गुंडाळला की सगळा ओढा पुढच्या भागावरच येतो.

प्रतिसाद:

दादा, तुकडा पुठ्ठ्याच्या बाजूचाच घ्या, पोटाकडचा भाग अजिबात नको. पाठीच्या कण्याची रेघ फोर्कच्या मधोमध येऊ द्या, म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी ताणली जाईल. बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा, मग ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा. पाणी निथळणारं कातडं नुसतं घसरतं. आतपर्यंत ओल मुरलेलं, पण वरून मूळ रंगाकडे परतू लागलेलं कातडं हाताखाली वळतं.

हॉर्नमागून काप देऊन बसवा. आधी हॉर्न आणि पुढची कड यांच्यामधला भाग पक्का करा. कडेपासून सुरुवात केली की सगळी सुरकुती मध्येच अडकते. मग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, खाली आणि मागे ओढत जा. गुळगुळीत लाकडी पट्टीने किंवा हाडाने घडी घासून पसरवा. एकदम दाबली तर तिची कायमची रेघ होते. खाली चांगलं चार बोटं जास्तीचं कातडं ठेवा, पकडायला लागतं. रापी शेवटी चालवायची.

फुगवट्याखालच्या खोलगट जागी कातडं दाबून बसवा आणि सुकेपर्यंत मऊ पट्ट्याने आवळून ठेवा. उन्हात किंवा हीटरजवळ नको, कडक होऊन तडकेल. खिळे पितळेचेच घ्या. ओल्या सालीच्या कातड्याला लोखंड लागलं की काळेनिळे डाग पडतात, ते सहजासहजी निघत नाहीत.

एवढं करूनही बोटभर घडी उरली तर शिवण घ्या. जबरदस्तीने ताणलेलं कातडं सुकताना आकसतं आणि खोलगट जागेवरून उचललं जातं. मग आत पोकळी राहते आणि मांडी घासते तिथेच ते आधी झिजतं.

धागाकर्ता:

खूप आभार. पुठ्ठ्याचाच तुकडा काढतो. एक शंका राहिली: हॉर्नमागचा काप कातडं ओलं असतानाच शिवायचा, की पूर्ण सुकल्यावर?