मदत हवी आहे: कानातली शिट्टी थांबत नाही

नमस्कार मंडळी. इंदूरात रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यापाशी डीजेच्या अगदी शेजारी तासभर उभी होते. आज २२ दिवस झाले, उजव्या कानात बारीक शिट्टी वाजतेय; जुना टीव्ही लावल्यावर यायची ना, तशी. दिवसा कामात भागतं. रात्री दिवे मालवले की नुसती तीच. परवा दोन वाजता उठून फ्रिजला टेकून बसले, त्या घरघरीत जरा बरं वाटलं.

ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीत, ४००० हर्ट्‌झला खड्डा निघाला, म्हणजे त्या उंच सुराला कमी ऐकू येतं. डॉक्टर म्हणाले, टिनिटस; बाहेर आवाज नसताना कानात वाजत राहणं. हमखास गोळी नाही, हळूहळू मेंदूला सवय होते. पण तोवरच्या रात्री काढायच्या कशा? ज्यांनी काढल्यात त्यांनी प्लीज सांगा. झोपताना पंखा, पावसाचा आवाज, काय लावता? इंदूरात नीट समजावणारे ऑडिओलॉजिस्ट कुणाला माहीत आहेत का? आईला अजून सांगितलं नाहीये, घाबरेल ती.